मागच्या सीटवर मीटर

स्कूटर बंद करायचीच सिस्टरला भीती वाटायला लागली होती. चालू असताना तक्रार नाही, पण एकदा का किल्ली फिरवली की पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. बटण दाबलं की सीटखालून नुसतं टिक-टिक-टिक. किकचे दाते झिजलेले, त्यामुळे दहातल्या आठ वेळा पाय आपला रिकामाच खाली जायचा.

आणि तिचं काम सगळं गाडीवरचं. सकाळी आठला निघायचं, सहा-सात घरं करायची. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. गेले दोन महिने ती पेशंटच्या दाराशी गाडी चालूच ठेवून आत जायची. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "अहो सिस्टर, धूर घरात येतोय!" ती खिडकीतून "झालं, झालं, निघालेच" म्हणायची आणि पट्टी गुंडाळायची. डोळे जखमेवर, कान रस्त्यावर. इंजिनाचा आवाज जरा खाली आला की हात थांबायचा.

नवी बॅटरी चार महिन्यांत बसली. गॅरंटीत दुसरी मिळाली, तीही आठवड्यात मान टाकायला लागली. मिस्त्रीनं चार्जिंगचा रेग्युलेटर बदलला, फ्यूज बदलला, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी घासून काढली. प्रत्येक वेळी गाडी स्टँडवर लावून रेस द्यायचा, मीटर लावायचा आणि म्हणायचा, "हे बघा, चौदा व्होल्ट. एकदम ओके. माझ्याकडे आली की शहाण्यासारखी वागते तुमची गाडी."

"आणि माझ्याकडे?"

"तुम्ही लाइट चालू ठेवत असाल."

नवरा छापखान्यात कामाला. त्याचं एकच पालुपद, "विकून टाक ना ती." ती म्हणायची, "आणि जाऊ कशी, उडत?" मग तो वर्तमानपत्र वर करायचा.

त्या मंगळवारी मात्र कहर झाला. औषधाच्या दुकानासमोर ती पाच मिनिटांसाठी थांबली, दुकानदार म्हणाला म्हणून गाडी बंद केली, आणि गाडी बसलीच. किक मारून मारून गुडघा दुखायला लागला. दोन अनोळखी माणसांनी ढकलून पाहिलं, पण असली बिनगियरची गाडी ढकलून चालू होत नाही हे त्यांना घामाघूम झाल्यावर पटलं. घड्याळजींच्या घरी ती दीड तास उशिरा पोचली.

घड्याळजी पंच्याहत्तरीचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता एकटेच राहायचे. मुलगी दोन गल्ल्या सोडून. साखरेचा आजार, आणि पायाच्या अंगठ्याला भरता भरत नसलेली जखम. एक दिवसाआड ड्रेसिंग. त्या दिवशी वाट बघून त्यांनी पट्टी स्वतःच सोडून ठेवली होती आणि उघडा पाय फरशीवर टेकवून बसले होते.

"तुम्ही येत नाही म्हटल्यावर म्हटलं हवा लागू दे."

"हवा लागू दे? आजोबा, किती वेळा सांगितलंय!" ती ओरडली, आणि मग स्वतःच्याच आवाजानं चपापली. पट्टी बांधली. ताप पाहिला, नव्हता. "दुखतंय का?" "छे, काही नाही." बाहेर गाडीचा सूर बदलल्यासारखा वाटला, ती उठली.

संध्याकाळी मिस्त्रीनं हात टेकले. "कॉइल गेली असणार. इंजिनातली, जी वीज तयार करते ती. गरम झाली की काम सोडते बहुतेक. या मॉडेलची नवी येत नाही आता. जुनीचीच तार नव्यानं भरून घ्या. बाजारामागं त्या वायंडिंगवाल्या ताई आहेत ना, त्यांच्याकडे."

"दुसरं कुणी नाही?" सिस्टरनं विचारलं.

"आहेत की. पण त्यांनी भरलेली कॉइल महिन्यात जळते. ताईंचा हात वेगळा."

ताईंचा हात वेगळा आहे हे तिला मिस्त्रीनं सांगायला नको होतं. त्या तिच्या थोरल्या नणंद होत्या. वडिलांच्या मागं मोटारी, पंखे, पंप भरायचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. जिभेला धार आणि कामाला तोड नाही. एकोणीस महिने झाले होते, दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

सासूबाई गेल्या त्या दुपारी सिस्टर कामावर होती. शेजारणीचा फोन आला, ती धावत घरी आली, त्यांना घेऊन निघाली, पण हॉस्पिटलच्या दारातच सगळं संपलं. हृदयविकार. आणि त्या पायऱ्यांवर, चार माणसांत, वन्सं म्हणाल्या होत्या, "घरात नर्स असून माझी आई अशी गेली."

त्यावर कुणी काही बोललं नाही. नवराही नाही. इकडे बहीण, तिकडे बायको. तो आपला चप्पल शोधत राहिला. तेव्हापासून ते वाक्य सिस्टरच्या मागं लागलं होतं. एकदा तपासलेलं ती दोनदा तपासायची, कुलूप ओढून पुन्हा ओढायची, आणि तरी घराबाहेर पडल्यावर काहीतरी राहिलं असं वाटत राहायचं.

गुरुवारी सकाळी किक कशीबशी लागली आणि ती गाडी घेऊन दुकानासमोर जाऊन उभी राहिली. इंजिन बंद केलं नाही.

वन्सं स्टुलावर बसून एका पंख्यात तार भरत होत्या. ओठ हलत होते. वेढे मोजत होत्या. मोजून झाल्यावर गाठ मारली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वर पाहिलं.

"बोल."

एकोणीस महिन्यांनंतर एवढंच.

"मिस्त्रीनं पाठवलंय. कॉइल भरायचीय."

"मिस्त्रीला काही सुचलं नाही की तो कॉइलवर ढकलतो. कॉइल भरायची की नाही ते मी ठरवते. आधी ते धुराडं बंद कर."

"मग चालू होणार नाही."

"होईल. माझ्याकडे बॅटरी आहे, वायरी आहेत. बंद कर."

सिस्टरनं किल्ली फिरवली. अचानक सगळीकडे शांत झालं. ती दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहिली. वन्संनी "बस" म्हटलं नाही आणि तीही बसली नाही.

वन्संनी एकेक गोष्ट पाहिली. इंजिन बंद असताना बॅटरी बारा पॉइंट एक. दुसरी बॅटरी जोडून गाडी चालू केली, मग ती काढली, स्टँडवर रेस दिली: चौदा. लाइट लावला, हॉर्न वाजवला: तेरा पॉइंट आठ. इंजिन बंद करून कॉइलच्या वायरीचा जोड सोडला, आतून कॉइल मोजली, पुन्हा मोजली.

"कॉइल ठणठणीत आहे. भरायचं काय, कपाळ?"

"म्हणजे तुम्हीपण तेच सांगणार. मीच लाइट चालू ठेवते."

"मी असं म्हटलं का?" वन्संनी मीटर खाली ठेवला. "इथं उभी असताना गाडी नीट आहे. बिघडते रस्त्यावर. मग रस्त्यावर बघायला पाहिजे. आज किती घरं आहेत तुझी?"

"पाच."

"चल. मी मागं बसते."

सिस्टरला वाटलं, ही थट्टा असावी. पण वन्संनी शटर अर्धं ओढलंसुद्धा होतं. बॅटरीला दोन लांब वायरी अडकवल्या, सीटच्या फटीतून बाहेर काढल्या, मीटरला जोडल्या. पिशवीत पाना, पकड, टेप आणि डाख द्यायची, गॅसवर चालणारी छोटी कैया टाकली. मग साडीचा पदर खोचून, मीटर छातीशी धरून त्या मागच्या सीटवर बसल्या. गाडी चालवताना पाठीला नणंद टेकलेली! रस्त्यानं एक ओळखीचा दुकानदार तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"बारा पॉइंट तीन," वन्संनी कानाशी सांगितलं. "बारा पॉइंट तीन. रेस वाढव. बारा पॉइंट तीन. अगं वाढव की!"

"पुढं बस आहे!"

"बारा पॉइंट दोन. चढतच नाही. बघ, चार्जिंग शून्य. आता खड्डा आला... चौदा! गेलं. बारा."

पहिलं घर झालं, दुसरं झालं. सिस्टर आत जायची तेव्हा वन्सं बाहेर गाडीपाशी थांबायच्या, इंजिन चालू. तिला आत काम करताना आज जास्तच अस्वस्थ वाटत होतं. बाहेर गाडी, आणि गाडीशेजारी ती बाई. दोन्हीपैकी कोण कधी फिरेल सांगता येत नव्हतं. दुसऱ्या घरून ती बाहेर आली तेव्हा वन्सं चमत्कारिक वागत होत्या. गाडी साइड स्टँडवरून काढून त्या सीटवर बसत होत्या, उतरत होत्या, पुन्हा बसत होत्या. समोरच्या गॅलरीतल्या दोन बायका हसू दाबत होत्या.

"इकडे ये. हा धर मीटर आणि वाच."

"चौदा."

वन्सं बसल्या.

"बारा पॉइंट दोन."

उतरल्या.

"चौदा!"

"मी बसले की जातं, उतरले की येतं," वन्संच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "अगं, स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली होतं. माणूस बसला की बॉडी दबते. इंजिनाकडून येणारी एखादी वायर आतून तुटली असणार. वरचं प्लास्टिक शाबूत, आत तार दोन तुकडे. स्टँडवर ती टेकलेली असते, तू बसलीस की सुटते. तुझा मिस्त्री प्रत्येक वेळी गाडी स्टँडवर लावून बघत होता आणि तुलाच वेडी ठरवत होता."

सिस्टर खळखळून हसली. किती दिवसांनी हसली तिलाच कळलं नाही. मग दोघींना एकदमच आठवलं की आपण बोलत नाही, आणि दोघी गप्प झाल्या.

"जोडायला अर्धा तास लागेल," वन्सं दुसरीकडे बघत म्हणाल्या.

"घड्याळजी वाट बघतायत. त्यांच्या दाराशी जोडा."

घड्याळजींच्या दाराशी इंजिन बंद केलं. वन्सं सीट काढायला लागल्या, पण आजोबांनी आतून हाक मारली, "त्या कोण? त्यांनाही आत येऊ द्या, उन्हात कशाला?" वन्संना तेल लागलेले हात धुवायचे होतेच. त्या आत आल्या. सिस्टर मोरीत हात धुऊन सामान मांडत होती तेवढ्यात आजोबा उठून स्वयंपाकघरात गेले, वन्संना पाण्याचा तांब्या द्यायला. वन्संनी पाहिलं, ते पाऊल टेकवताना भिंतीला धरत होते. सिस्टरसमोर मात्र ताठ चालले होते.

"दुखतंय वाटतं बरंच?" वन्संनी विचारलं.

आजोबांनी मागं वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुम्ही यांच्या घरच्या का? सांगू नका हं. चार रात्री ताप भरतोय, थंडी वाजते. त्या यायच्या आधी गोळी घेतो, म्हणजे उतरतो. कळलं तर हॉस्पिटलात पाठवतील, आणि तिथून पाय घेऊन परत येतो का नाही कोण जाणे."

वन्सं पाणी प्यायल्या, तांब्या ठेवला आणि बाहेर गेल्या. पाना घेऊन सीटखालचा एक स्क्रू सोडवला. दुसरा सोडवता सोडवता हात थांबला. पाना तिथंच टाकून त्या ताडताड परत आत आल्या.

"हे बघा आजोबा, मला सांगितलंत ते मी पोटात ठेवणार नाही. सिस्टर, यांना चार रात्री ताप आहे. तू यायच्या आधी गोळी घेतात."

आजोबांचा चेहरा पडला. सिस्टरनं हातातला कापूस खाली ठेवला.

"पायजमा वर करा."

"अहो, पण जखम तर..."

"वर करा, आजोबा."

पोटरीवरून एक लाल पट्टा गुडघ्याकडे चढला होता. हात लावला तर चटका बसावा असा. गेल्या दोन खेपांना तिनं पायजमा वर करून पाहिलं नव्हतं. अंगठा पाहिला, पट्टी बांधली, निघाली. कान बाहेर होते.

पुढचा पाऊण तास धावपळीत गेला. डॉक्टरांना फोन, मुलीला फोन. मुलगी रिक्षा घेऊन आली. आजोबा कुरकुरत होते, "एवढं काही नाहीये," आणि वन्संकडे असे बघत होते जणू त्यांनीच घात केला. सिस्टर रिक्षापर्यंत गेली, त्यांचा पाय मुलीच्या मांडीवर नीट ठेवला, औषधांची चिठ्ठी दिली. रिक्षा वळली आणि ती पुन्हा दाराशी आली.

वन्संनी सीटखालची पत्र्याची पट्टी उघडली होती. पांढरी वायर बोटात धरून वाकवून दाखवली. एका ठिकाणी ती लुळी पडत होती, मोडलेल्या बोटासारखी.

"ही बघ. सर्व्हिसिंगला कुणीतरी आखूड खेचून पट्टीखाली आवळली. रोज मुडपून मुडपून आत तुटली."

त्यांनी वायर कापली, दोन्ही टोकं सोलली. आतली तार काळी पडलेली होती, ती मागं जाऊन चकचकीत लागेपर्यंत सोलली. मधे एक बोटभर नवा तुकडा घातला, म्हणजे ओढ बसायला नको. कैया तापवली. सिस्टर पायरीवर उभी होती, मग दुसऱ्या पायरीवर, मग पुन्हा रस्त्यावर. घड्याळ बघत होती, फोन बघत होती.

"मी पाहायला हवं होतं," ती म्हणाली. "पायजमा वर करून. दोन वेळा नाही पाहिलं मी."

वन्सं डाख देत होत्या. धूर निघाला.

"त्यांनी लपवलं तुझ्यापासून."

"तरीपण. नर्स आहे ना मी. तुम्हीच म्हणाला होतात."

वन्संनी कैया बाजूला ठेवली. जोडावर फुंकर घातली.

"आईनं मला फोन केला होता," त्या म्हणाल्या. "जायच्या आठ दिवस आधी. म्हणाली, चालताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. म्हणाली, सूनबाईला सांगू नको, ती लगेच धावपळ करेल, दवाखान्यात नेईल. मी म्हटलं, बरं. नाही सांगत."

सिस्टरच्या येरझाऱ्या थांबल्या.

"दुकानात काम होतं. पंपाची मोटर होती मोठी. म्हटलं, रविवारी येते, बघते. रविवारच्या आधी..." त्यांनी टेप उचलली, टोक सापडेना, नखानं उकरत राहिल्या. "त्या दिवशी पायऱ्यांवर मला कुणाला तरी बोलायचंच होतं. तू समोर होतीस."

"एकोणीस महिने," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "एकोणीस महिने मी रोज रात्री आठवतेय की मला काय दिसलं नाही. त्यांचा चेहरा, त्यांचं जेवण, कधी दम लागला होता का. आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"ह्यांना सांगितलंत?"

"नाही. कुणालाच नाही."

सिस्टर चालायला लागली. कुठं ते तिलाही ठाऊक नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तिथल्या नळापाशी थांबली, तोंडावर पाणी मारलं. ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही, पण दोन घरं बाकी होती. एका ठिकाणी इंजेक्शनची वेळ होऊन गेली होती. ती परत आली तेव्हा सीट बसवलेली होती, वायरी गुंडाळलेल्या होत्या आणि वन्सं पिशवी घेऊन बाजूला उभ्या होत्या.

"बटण दाब."

टिक-टिक झालं. वन्संनी पिशवी ठेवली आणि पुढं होऊन किक मारली. दुसऱ्या वेळी गाडी लागली. "बॅटरी रिकामी आहे, आज किकच मारावी लागेल. चार्जिंग येतंय. बस, आणि मीटर बघ."

सिस्टर बसली. मीटरवर तेरा पॉइंट नऊ होते. ती जोरात दबून बसली, उसळली, पुन्हा दबली. आकडा हलला नाही.

"मी चालत जाते," वन्सं म्हणाल्या.

"मला आज तुमच्याशी बोलता येणार नाही."

"माहितेय."

"पण चालत कशाला? बाजार लांब आहे." ती समोरच बघत होती. "बसा. बोलू नका."

वन्सं बसल्या. सबंध रस्ता दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मीटरचा आकडासुद्धा कुणी वाचला नाही.

घड्याळजींचा अंगठा गेला, पाय वाचला. तीन आठवड्यांनी घरी आल्यावर त्यांनी सिस्टरला सांगितलं, "त्या चुगलखोर बाईंना सांगा, माझं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्यासाठी काढून ठेवलंय." गाडी तोवर एकदाही अडली नव्हती. तरी सिस्टर दाराशी इंजिन बंद करताना अजून दचकायची आणि आत जाण्याआधी बटण एकदा दाबून बघायची.

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. वर्तमानपत्र खाली ठेवून तो म्हणाला, "मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं." "हो," ती म्हणाली, "हवं होतं."

घड्याळ कापडात गुंडाळून ती दुकानात गेली. वन्सं स्टुलावर बसून तार भरत होत्या, ओठ हलत होते. त्यांनी डोळ्यांनीच 'थांब' म्हटलं. सिस्टर समोरच्या खोक्यावर बसली.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली.

"एकशे बारा, एकशे तेरा. असू दे. एकशे चौदा."

"जाईल की नाही सांगता येत नाही."

"एकशे पंधरा." वन्संचा हात चालत होता, पण डोळे भरून आले होते. "एकशे... एकशे..." त्यांनी तार सोडली आणि मनगटानं नाक पुसलं. "चुकलं बघ. आता सगळे वेढे सोडून पहिल्यापासून."

सिस्टरनं घड्याळ बाजूला ठेवलं आणि खोकं पुढं ओढलं.

"सोडा तुम्ही. मी सुटलेली तार गुंडाळून घेते."